पारशाच्या कोठीतली भट्टी

हिंगोलीच्या बाजारपेठेत पारशाची कोठी कुठे म्हणून विचारलं तर कोणीही बोट दाखवी, पण तिच्यातला पारशी मात्र कोणी पाहिलेला नव्हता. छावणीत गोरे साहेब होते तेव्हा त्यांना विलायती बिस्किटं, मेणबत्त्या आणि बाटल्या पुरवायला त्याने ही इमारत बांधली. पुढे छावणी उठली, साहेब गेले, बाटल्या संपल्या, पारशीही गेला. इमारत राहिली, कारण इमारतींना उठून जाण्याची सोय नसते. काळ्या दगडाचा दर्शनी भाग, पाच कमानी, आत लोखंडी खांब, आणि मागे साहेबांचे पाव भाजायला बांधलेलं एक स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरावर बाजारपेठेतलं सगळ्यात उंच धुराडं होतं. कळमनुरीकडून बैलगाडीने येणाऱ्याला हिंगोलीचं पहिलं दर्शन त्या धुराड्याचं होई.

कोठी पुढे हरिचंद शेटकडे आली. शेटने मधोमध भिंत घातली आणि एका कोठीच्या दोन केल्या. पश्चिमेच्या अर्ध्यात खाजा मियांचं चहाचं हॉटेल आधीपासून होतं. पूर्वेचा अर्धा छत्तीस साली जवळच्या पुसेगावच्या तातेरावांनी घेतला आणि वर पाटी लावली : शुद्ध हिंदू चहा व फराळ. पाटीतला 'शुद्ध' इतर अक्षरांपेक्षा मोठा होता. रंगाऱ्याने तसा सल्ला दिला होता.

पहिल्याच दिवशी अडचण झाली. तातेरावांनी आपल्या बाजूला भट्टी पेटवली, तेव्हा भिंतीपलीकडे खाजा मियांची पेटलेली होतीच. पारशाने धुराडं बांधलं होतं एका जाळाचं. दोन जाळ होताच धुराने तोंड फिरवलं आणि तो दोन्ही हॉटेलांत सारखाच शिरला. हिंदू गिऱ्हाईक खोकत पूर्वेच्या दाराने बाहेर आलं, मुसलमान गिऱ्हाईक खोकत पश्चिमेच्या दाराने. रस्त्यावर सगळे एकाच आवाजात खोकत होते. गवंडी बोलावला. तो वर चढून आत डोकावला आणि खाली येऊन म्हणाला, "धुराडं एका चुलीचं हाय. दोन पेटवसाल तर धूर खासाल."

मग असं ठरलं की जाळ एक ठेवायचा. मागच्या स्वयंपाकघरात खाजा मियांची बायको अमिनाबी भट्टी सांभाळत असे. तातेरावांनी स्वयंपाकघराकडच्या भिंतीत हातभर खिडकी पाडून घेतली आणि तिला लाकडी फळी बसवली. सुरुवातीला ते आपलं पातेलं, आपलं पाणी, आपलं दूध घेऊन स्वतः मागे जात आणि खाजा मियांच्या जाळावर आपला चहा करत. यात विटाळ नव्हता, कारण अग्नीला विटाळ नसतो असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. सहा महिन्यांनी बाजाराच्या दिवशी पुढे गर्दी झाली, तेव्हा अमिनाबी आतून म्हणाली, "भाई, तुम्हे पुढे जाव. उतू जातंय तर मी काढते ना." वर्षभराने पातेलंही एकच झालं. दूध तातेरावांच्या पुसेगावच्या म्हशींचं, पाणी तातेरावांच्या घागरीचं, हात अमिनाबीचा. चहा भिंतीच्या पश्चिमेला गेला की मुसलमान होई आणि खिडकीतून पूर्वेला आला की शुद्ध.

पद्धत साधी होती. पुढून तातेराव चमच्याने फळीवर टकटक करत. जितकी टकटक, तितके कप. बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही. फळी वर होई, कप येत, फळी खाली पडे. अकरा वर्षांत एकदाही हिशेब चुकला नाही.

गिऱ्हाइकांना हे माहीत होतं का? सगळ्यांना माहीत होतं. टकटक काही लपून होत नव्हती, आणि हिंगोलीत न कळण्यासारखं असं फार काही घडत नसे. पण माहीत असणं वेगळं आणि माहीत आहे हे माहीत होऊ देणं वेगळं. मराठी शाळेतले संतराम गुरुजी माळकरी होते. बाहेर कुठे पाणीसुद्धा पीत नसत. ते रोज सकाळी खिडकीकडे पाठ करून बसत, बशीत चहा ओतून फुंकत आणि म्हणत, "तातेराव, तुमच्या चहाला सोवळ्याची चव आहे." तातेराव म्हणत, "तुमची कृपा गुरुजी." भिंतीपलीकडून खाजा मियांचं हसू ऐकू येई. ते हसू गुरुजींना ऐकू येत नसे.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात बाजारपेठेत रझाकारांची चलती होती. एके दुपारी आठदहा जण पूर्वेच्या दारात आले. त्यांच्या हातात काठ्या होत्या, एकाकडे घासलेटचा डबा होता. तातेराव गल्ल्यामागे उभे राहिले. तेवढ्यात खाजा मिया आपल्या दारातून कमरेला फडकं बांधलेलेच रस्त्यावर आले. अंगाने किरकोळ, आवाज मात्र कोतवालाचा.

"क्या जलाते? ये दुकान? चूल्हा एकच है दोनों का! इसकू आग लगाए तो मेरा घर पैले जलता. मेरी बीवी अंदर बैठी है. लगाओ!"

हे त्यांनी भर रस्त्यात, भर दुपारी, कमानीपासून कमानीपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. ती माणसं थोडा वेळ धुराड्याकडे पाहत राहिली आणि निघून गेली. आत बाकांवर बसलेल्या पंधरा गिऱ्हाइकांनी ते वाक्य ऐकलं. पंधराही जणांनी ताबडतोब दुसऱ्या विषयावर बोलायला सुरुवात केली. गुरुजींनी यंदाच्या ज्वारीचा विषय काढला.

खाजा मिया मग फळी वर करून एवढंच म्हणाले, "तातेराव, बोलना पडा. माफ करना. तुम्हारे धंदे का नुकसान हुआ होंगा." ते खरोखरच माफी मागत होते.

सप्टेंबरात खाजा मिया कळमनुरीच्या बाजाराला सुंठ आणि वेलदोडे आणायला गेले. त्याच आठवड्यात हिंदुस्थानचं लष्कर आलं, निजामी गेली, चौकात पेढे वाटले गेले. पेढ्यांनंतर काही दिवस आजूबाजूच्या गावांतून वेगळ्या बातम्या येत राहिल्या, मुसलमान वस्त्यांच्या. त्या कोणी मोठ्याने सांगत नसे. खाजा मिया परत आले नाहीत.

अशा वेळी माणसाला काहीतरी वाटायला हवं, हे तातेरावांना माहीत होतं. त्यांनी दोन दिवस वाट पाहिली. काही वाटलं नाही. मुंग्या येऊन पाय बधिर व्हावा आणि आपलाच पाय परक्याचा असल्यासारखा हाताने उचलून ठेवावा, तसं सगळं अंग झालं होतं. कोणी येऊन कानाशी सांगे, "रस्त्यात दोघं जण पडलेले पाहिले म्हनतात, एकाच्या कमरेला फडकं होतं म्हनतात." तातेराव विचारत, "साखर किती घालू?"

पश्चिमेचं दार बंद होतं. अमिनाबीने आतून दोन्ही कड्या लावल्या होत्या. खिडकीची फळी पडलेली. तातेरावांनी पुढे एक शेगडी मांडली आणि स्वतः चहा करू लागले. पण एक गोष्ट त्यांनी थांबवली नाही, कारण थांबवायची आठवण झाली नाही. रोज सकाळी पुसेगावहून दूध आलं की त्यातली एक चरवी ते फळी वर करून आतल्या काठावर ठेवत, अकरा वर्षं ठेवत आले तशीच. संध्याकाळी ती घासलेली परत तिथेच असे. चरवी लख्ख असे.

पुढच्या शेगडीवरचा चहा वाईट होता. तो इतका वाईट होता की गावाला लष्करापेक्षा त्याचीच चर्चा जास्त झाली. कोणी म्हणालं दूध बदललं, कोणी म्हणालं पाणी. संतराम गुरुजींनी बशी खाली ठेवून सांगितलं, "तातेराव, स्वराज्य आलं आणि तुमचा चहा बिघडला. असं काहून?"

"पावसाळी हवा हाय गुरुजी."

"हवा तर मागच्या सालीबी होती."

काहून, हे बाकांवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि ते बोलण्याची सोय कोणालाच नव्हती. बोलला असता तर अकरा वर्षांचा चहा पोटातून वर आला असता. शेवटी पूड बदलून पाहावी असं एकमताने ठरलं.

महिनाभराने हरिचंद शेट आले. शेट जाड, सौम्य, सतत अंगरख्याच्या बाह्या सारख्या करणारे. त्यांनी आपल्या इमारतीकडे अभिमानाने पाहिलं.

"तातेराव, नवे साहेब आले आहेत वऱ्हाडातून. बंद पडलेल्या दुकानांची पाहणी करून राहिले. ज्याचा वाली नाही ते मालकाला परत. मी काय म्हणतो, पश्चिमेची बाजू तुम्हीच घ्या. मधली भिंत पाडू. पाच कमानींचं हॉटेल! परभणीतबी नसेल असं."

"आन मांगं अमिनाबी हायेत."

"ती काय, भाऊ आहे तिचा जवळच गोरेगावला. जाईल. तुम्ही फक्त साहेबांपुढे सांगायचं, शेजारी परागंदा झाला, दुकान बंद आहे, मागची भट्टी तुमची. बस. तीन वाक्यं."

"भट्टी माझी?"

"मग काय त्यांची होती?" शेटने बाही सारखी करत विचारलं. शेटही रोज चहा पीत असत. दोन कप.

त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तातेरावांनी फळी वर केली. आत अंधारात अमिनाबी भट्टीपुढे बसली होती. भट्टीत एका भाकरीपुरता जाळ होता. त्यांनी शेटचं बोलणं सांगितलं, चहात साखर सांगावी तसं. तिने ऐकून घेतलं.

"भाई, मैं गोरेगाव जातूं. जाने कू क्या है," ती म्हणाली. "पन इनो आए तो कौनसा दरवाजा खटखटाएंगे?"

खाजा मिया येणार नाहीत, असं तातेरावांना वाटत होतं. तिलाही वाटत असावं. पण दार ठेवायला येणाऱ्याची खात्री लागत नाही. त्यांनी फळी हळूच खाली सोडली.

घरी त्यांची बायको गोजरबाई शेव पाडत होती. हॉटेलचा फराळ तिच्या हातचा. तिने सगळं ऐकलं आणि सोऱ्या फिरवता फिरवता म्हणाली, "म्हंजे खरं बोललात तर हाटेलात कोन येनार न्हाई, आन खोटं बोललात तर चहा कोन करनार?"

"मी करून राहिलो की."

"तुमचा चहा मी पेले." एवढं बोलून तिने कढईकडे पाहिलं. नवरा अजून उभा आहे हे पाहून पुढे म्हणाली, "त्या मानसानं भर रस्त्यात सांगितलं होतं. तुमच्यासाठी. त्याला कोनी इचारलंबी नव्हतं. तुमाला तर साहेब इचारनार हाय."

"ते मेले."

"म्हनून तर. त्यायला काय आता पुन्हा सांगता येनार हाय?"

तातेराव ओट्यावर जाऊन बसले. शरम वाटायला हवी होती. तिचीही त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली.

पाहणीच्या दिवशी हॉटेल भरलेलं होतं. फुकटची गंमत म्हणून बरेच जण आले होते आणि चहा वाईट असूनही सवयीने बसले होते. नवे साहेब तरुण होते. चष्मा, खाकी टोपी, हातात कागद. सोबत लिहिणारा एक कारकून. हरिचंद शेट सगळ्यांच्या पुढे, जणू लग्नघरचे यजमान.

साहेबांनी पश्चिमेचं बंद दार पाहिलं, मधली भिंत पाहिली, मान वर करून धुराडं पाहिलं. पूर्वेच्या बाजूला आले, तेव्हा शेगडीचा धूर त्यांच्या डोळ्यांत गेला.

"धुराडं एवढं मोठं आणि तुम्ही शेगडी इथे का मांडली?"

"तात्पुरती हाय," तातेराव म्हणाले.

"मागे भट्टी आहे म्हणतात. कोणाची?"

शेटने तातेरावांकडे प्रेमाने पाहिलं. तीन वाक्यं. तातेरावांनी तोंड उघडलं. तोंडात काहीच नव्हतं, खरंही नव्हतं आणि खोटंही नव्हतं. बाकांवर तीस माणसं बसलेली. बाहेर एक गाढव ओरडून थांबलं.

"बरं, आधी चहा सांगा," साहेब कंटाळून म्हणाले. "तीन."

'तीन' हा शब्द कानावर पडला आणि अकरा वर्षं जे होत आलं तेच झालं. तातेरावांच्या उजव्या हाताने चमचा उचलला आणि फळीवर तीनदा टकटक केली.

केल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं. फळी महिनाभर मुकी होती. पलीकडे बाई आहे की नाही, जाळ आहे की नाही, काही आवाज नाही. संतराम गुरुजी छताकडे पाहू लागले. शेटच्या बाह्या अर्ध्यावर थांबल्या. कारकुनाने दौतीचं झाकण उघडलं आणि मिटलं. साहेबांनी खिशातून घड्याळ काढलं, परत ठेवलं. वेळ गेला. मग मागून पातेलं ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर फुंकणीचा. मग आलं ठेचल्याचा वास भिंतीतून इकडे आला, आणि तीस माणसांच्या नाकपुड्या त्यांच्या नकळत हलल्या.

फळी वर झाली. काचेच्या बांगड्या नसलेला एक हात बाहेर आला आणि त्याने तीन कप ठेवले. फळी पडली.

साहेब प्याले. कारकून प्याला. तिसरा कप शेटपुढे होता. शेट त्याच्याकडे ओळख नसल्यासारखं बघत राहिले.

"उत्तम चहा," साहेब म्हणाले. "कोणी केला?"

"अमिनाबींनी." तातेरावांचा आवाज 'दोन भजी, एक चिवडा' सांगताना निघे तसाच सपाट निघाला. "शेजारच्या खाजा मियायच्या घरच्या. अकरा वर्सं झाली, त्याच करून राहिल्या. हिकडचाबी आन तिकडचाबी. भट्टी एकच हाय. दोघायची."

"म्हणजे दुकान बंद नाही?"

"भट्टी चालू हाय, साहेब. तुमी आत्ताच पेले."

साहेबांनी कारकुनाला सांगितलं, लिहा : भट्टी सामाईक, चालू, दुकान बेवारस नाही. कारकुनाने लिहिलं. त्याला विटाळ वगैरे काही नव्हतं, तो परगावचा होता. तातेरावांनी सही केली. सही करताना आपल्या अंगात काही हललं का, ते त्यांनी पाहिलं. हात थोडा दुखत होता, पण तो चमच्याने असावा.

बाकं एकेक करून रिकामी झाली. कोणी भांडलं नाही. गुरुजी उठताना उगाच म्हणाले, "बराय, शाळा आहे." त्या दिवशी रविवार होता. शेटने तिसरा कप तसाच ठेवला. पण दारातून परत आले, उभ्या उभ्या तो संपवला आणि गेले.

पुढचे चार दिवस हॉटेलात माशांशिवाय कोणी आलं नाही. तातेराव सकाळी फडक्याने बाकं पुसत, दुपारी पुन्हा पुसत. पाटीतला 'शुद्ध' खरवडून काढावा का, असा विचार त्यांनी केला. शिडी कुठे आहे ते आठवेना, म्हणून राहिलं. संध्याकाळी शेव जशीच्या तशी घरी जाई. गोजरबाई ती डब्यात भरी.

पाचव्या दिवशी सकाळी संतराम गुरुजी दारात उभे राहिले. आत आले नाहीत. छत्रीने उंबऱ्यावर टेकत म्हणाले, "तातेराव, तुमी वेगळी भट्टी घेतली म्हणे?"

तातेरावांनी शेगडीकडे पाहिलं. ती कोपऱ्यात पालथी होती. तिच्यावर मांजर झोपलं होतं.

"कोन म्हनलं?"

"सगळा बाजार म्हणून राहिला. पाहणी झाली त्याच दिवशी तुमी वेगळी केली. असं मी ऐकलं. बराबर ऐकलं ना?"

गुरुजींच्या चेहऱ्यावर पाच दिवस चहा न मिळालेल्या माणसाची ओढ होती. तातेरावांना समजलं. गावाला खरं नको होतं, हे तर त्यांना आधीपासून माहीत होतं. पण गाव रागावलं होतं ते खोट्यावरून नव्हे. कोणीतरी खोटं बोलायचं सोडून दिलं, यावरून रागावलं होतं. ते परत सुरू झालं की झालं.

"घेतली," तातेराव म्हणाले.

"मग ठीक." गुरुजी आत आले, खिडकीकडे पाठ करून आपल्या जागी बसले आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागले. तातेरावांनी चमच्याने एकदा टकटक केली. गुरुजींचा आवाज नेमका त्याच वेळी चढला.

फळी वर झाली. दोन कप आले.

तातेरावांनी कपांकडे पाहिलं. अकरा वर्षांत हिशेब कधी चुकला नव्हता. त्यांनी एक कप गुरुजींपुढे ठेवला. दुसरा हातात घेऊन ते मागच्या बाजूने पश्चिमेला गेले. अमिनाबीने सकाळीच पुढच्या दाराच्या कड्या काढल्या होत्या. बाकांवर धूळ होती, आणि खाजा मियांची खुर्ची दाराकडे तोंड करून होती. दार सताड उघडं. रस्त्यावरून लोक जात होते, आत बघत नव्हते. त्यांनी कप खुर्चीपुढच्या मेजावर ठेवला आणि थोडा वेळ उभे राहिले. कोणी आलं नाही. चहावर साय धरू लागली, तशी त्यांनी तो पिऊन टाकला, वाया जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक सहा होतं. सहा टकटक झाली, सात कप आले.

मग रोजच एक जास्त येत राहिला. तातेराव तो घेऊन पलीकडे जात, दार उघडं आहे ना ते पाहत, साय धरेपर्यंत थांबत आणि पीत. पूर्वेच्या बाजूला संतराम गुरुजी कोणाला तरी सांगत असत, तातेरावांनी वेगळी भट्टी घेतल्यापासून चहाला पुन्हा पहिली चव आली. वर एकच धुराडं धूर सोडत असे, कळमनुरीच्या रस्त्यावरून दिसेल एवढा.